उशाखालचा विळा

गेल्या आठवड्यात एक बाई आमच्या घरी येऊन गेल्या. कॉलेजात शिकवतात. बाळंतपणानंतर काही बायकांची मनं का बिघडतात आणि त्या त्यातून कशा निभावतात, यावर त्यांचा अभ्यास चाललाय. कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून आल्या. पोहे झाले, चहा झाला, मग त्यांनी हळूच विचारलं, "त्या दिवसांत तुम्ही स्वतःला कसं सावरलंत?"

मी म्हटलं, "सावरलं कुठलं डोंबलाचं! दाराची कडी धरून उभी राहायची."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मुलगी आता हायस्कुलात जाते, माझ्यापेक्षा उंच झालीय, तरी ती कडी आठवली की माझ्या तळहाताला घाम सुटतो. मी शाळेत मास्तरीण. आवाज मोठा, बोलायला कुणाच्या बापाला भ्याले नाही. पण हे एवढं मात्र कधी धड बोलले नव्हते. म्हणून लिहितेय. आई म्हणाली, "एखादी बाळंतीण वाचंल आन् घाबरंल की गं." घाबरू दे. जिला याचा उपयोग आहे ती आधीच घाबरलेली असणार.

लोखंड

माझं माहेर कोल्हापुरातच, शाहूपुरीत. सासर शिरोळकडचं, ऊस आणि म्हशीवालं. आमचे हे एमआयडीसीत कारखान्यात होते, म्हणून आम्ही दोघं कोल्हापुरातच दोन खोल्या घेऊन राहत होतो.

माझं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. मला त्याचं तोंडसुद्धा दाखवलं नाही. "बघू नकोस, विसरून जा," म्हणाले. मी विसरले असं सगळ्यांनी धरून चाललं, मीही धरून चालले. पुढं मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, पहिल्या दिवसापासून घर डोक्यावर घेणारी. दोन्ही घरांनी कंबर कसली, आता हिला काही होऊ द्यायचं नाही.

बाळंतपण माहेरी. पाचवीला सटवाईची पूजा झाली. बाळाच्या उशाखाली लोखंड ठेवायची रीत आमच्याकडं आहे, म्हणजे वाईट काही जवळ येत नाही म्हणतात. बहुतेक घरं अडकित्त्यावर भागवतात. पण सासूबाई, ज्यांना आम्ही आत्ती म्हणतो, त्या पूजेसाठी शिरोळहून रानातला विळा घेऊन आल्या होत्या. घासूनपुसून लखलखीत केलेला.

"एक गेलाय आमचा," त्या म्हणाल्या. "आता हयगय न्हाई करायची." आणि विळा दुपट्यात गुंडाळून माझ्या लेकीच्या उशाखाली सरकवला.

मलाही बरंच वाटलं होतं तेव्हा.

ती दुपार

आत्ती शिरोळला परत गेल्या होत्या. पोरीचं न्हाणं, शेक, धुरी सगळं होऊन ती झोपली होती. खोलीत ओव्याचा धूर होता. आई गल्लीतल्या नळावर गेली होती. मी पोरीचं दुपटं सारखं करायला वाकले तर विळ्याचं टोक बाहेर आलेलं.

आणि माझ्या डोक्यात आलं, तू हा उचलशील.

कुणी बोललं नाही. कानात आवाज आला नाही. माझंच मन, माझ्याच आवाजात, शाळेत हजेरी घ्यावी इतक्या सरळपणे. मग पुढचं सगळं डोळ्यांपुढं आलं. ते मी लिहिणार नाही. त्या अभ्यासवाल्या बाईंनाही सांगितलं नाही.

मी होते तशी पळत सुटले. डोक्याला फडकं, अंगात स्वेटर, पायात काही नाही. सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण भर गल्लीत! नळावरच्या बायका भांडायच्या थांबल्या. आईच्या हातून घागर सुटली.

"काय झालं गं? पोरगी?"

"उंदीर," मी म्हटलं. "उंदीर होता मोठा."

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, संध्याकाळी पिंजरा आणला. त्यात भज्याचा तुकडा लावला. बिचारे रोज सकाळी पिंजरा बघायचे, आणि मी त्यांच्याकडं बघायची नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आता विळा दिसायचीही गरज उरली नव्हती. पोरीला पाजायला घेतलं की मला आपल्या हातांचीच भीती वाटायची. मी आईला म्हणायची, तूच धर तिला, माझे हात भरून येतात. आई पोरीला माझ्या छातीशी धरायची आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. आई जरा बाहेर गेली की मी दाराशी जाऊन कडी धरायची, म्हणजे हात कशालातरी गुंतलेले राहतील. आणि मोठ्यानं पाढे म्हणायची. सतराचा, एकोणीसचा, एकोणतीसचा. शेजारीण आईला म्हणाली, तुमची लेक बाळंतपणातबी शाळा सोडत न्हाई हो.

आईला उंदराचं पटेना. तिनं ठरवलं, हिला बाहेरचं काहीतरी लागलंय. मग अंगारा आला. अंगारेवाल्यानं सांगितलं, उंबऱ्यात खिळे ठोका. ठोकले. आईनं अडकित्ता आणून माझ्या उशाखाली ठेवला. आत्तींना निरोप गेला, तर त्यांनी ह्यांच्याबरोबर ऊसतोडीचा कोयता धाडून दिला, बाजल्याखाली ठेवायला. मी जेवढी भेदरायची तेवढं त्या खोलीत लोखंड वाढायचं. आणि ही माणसं हे सगळं प्रेमानं करत होती, हे आणखी भयंकर.

काढा म्हणावं तर का ते सांगावं लागणार. सांगितलं तर पोर माझ्यापासून काढून घेणार. कोण देईल असल्या बाईच्या हातात पोर? मीच दिली नसती. म्हणून तोंडाला कुलूप. पोरीला मी मारीन याची भीती, आणि बोलले तर पोर जाईल याची भीती. दोन्हीकडून जीव मुठीत.

कुणाच्या हातून?

सव्वा महिन्यानं तपासायला गेलो. ज्यांच्या हातून बाळंतपण झालं त्या डॉक्टरीणबाई तोंडाच्या फटकळ, पण हात हलका. त्यांनी पोरीला तपासलं, वजन चांगलं आहे म्हणाल्या, आणि तिला माझ्यापुढं धरलं. मी हात मागं घेतले. आईनं पटकन पुढं होऊन घेतली.

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग आईला म्हणाल्या, "आजी, जरा बाहेर बसा पोरीला घेऊन."

दार लागल्यावर त्यांनी विचारलं, "बाळाला काही होईल अशी भीती वाटते? की तुझ्या हातून काही होईल अशी?"

हा प्रश्न कुणी विचारू शकतं हेच मला माहीत नव्हतं. म्हणजे हे इतरांनाही होतं? मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवलं आणि अशी रडले की बाहेर आईनं दार वाजवलं. सगळं सांगितलं. विळा, कडी, पाढे, सगळं. सांगताना वाटत होतं, आता ह्या पोलिसांना बोलावतील.

"उचललास का कधी विळा?"

"न्हाई हो! मी त्या बाजूला बघत पण न्हाई."

"हं. ही माझ्या हातची गोष्ट नाही. याचे डॉक्टर वेगळे. आणि आजच जायचं."

ह्यांना कारखान्यातून बोलावून घेतलं. मोठ्या सरकारी दवाखान्यात एक वयस्क डॉक्टर होते, मनाच्या आजाराचे. तपकीर ओढायचे. बाहेर बाकावर आम्ही बसलो तेव्हा ह्यांनी दारावरची पाटी वाचली आणि रुमालानं तोंड पुसलं. वेड्यांचा डॉक्टर. कोल्हापुरात कुणी ओळखीचं भेटलं तर? मला मात्र दुसरंच भय. इथून मला सोडणार नाहीत, शॉक देतील, आणि मी पोरीचं नाव विसरेन. अजून बारसंसुद्धा झालं नव्हतं तिचं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही दचकले नाहीत. शेवटी म्हणाले, "बाई, हा आजार आहे. तुमची इच्छा नाही ही. इच्छा असती तर तुम्ही अनवाणी पळत सुटला नसता. पण तुम्ही झोपत नाही, जेवत नाही, त्यामुळं थोडे दिवस इथं राहा. शॉकबिक काही नाही. गोळ्या देतो."

मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

हे पांढरेफटक पडले होते. तरी म्हणाले, "ही झुरळ मारत न्हाई हो डॉक्टर. मलाच हाक मारती." आणि मला म्हणाले, "मला सांगायचं न्हाईस व्हय?"

मला बरं वाटलं. पण वॉर्डात पोचवून जाताना ह्यांनी पोरीला कधी नव्हे ते माझ्यापासून जरा लांबच धरलं होतं. मी बघितलं. त्यांना कळलं मी बघितलं ते.

कावीळ

आई माझ्याजवळ राहिली. गल्लीत तिनं सांगून टाकलं, माझ्या लेकीला, म्हणजे मला, कावीळ झालीय. झालं! काविळीवर कोल्हापुरात घरटी एक वैद्य. कुणी उसाचा रस धाडला, कुणी मुळ्या ओवलेली माळ. ती माळ आणणारी शेजारीण समोर बसून राहिली, गळ्यात घातल्याशिवाय हलेना. "माळ पायापातुर लांबली की कावीळ उतरली म्हणायचं," म्हणाली. मी घातली. वॉर्डातल्या नर्सबाई गोळ्या द्यायला आल्या, माळेकडं बघून काही बोलल्या नाहीत, फक्त रोजच्यासारखं म्हणाल्या, "गिळा. आ करा. जीभ वर." त्यांच्या त्या न बोलण्याचे उपकार मी अजून विसरले नाही.

सकाळी ॲल्युमिनियमच्या मगात चहा, मग गोळ्या, मग डॉक्टरांचा फेरा, मग नुसतं बसणं. गोळ्यांनी जीभ जड व्हायची, हात थरथरायचे. झोप यायला लागली ही मोठी दया. पण त्या गोळ्या चालू असताना पोरीला पाजायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. छातीला आईनं फडकं आवळून बांधलं. पलीकडच्या वॉर्डात कुणाचं पोर रडलं की माझा पदर भिजायचा. त्या वेळी वाटायचं, देवानं एका अंगाला आई केलं आणि डोक्याला वैरीण केलं.

पोर आमच्या दोन खोल्यांत होती. आत्ती शिरोळहून, वाटेत शाहूपुरीतला विळा-कोयता उचलून, येऊन राहिल्या होत्या, पाणी घातलेलं म्हशीचं दूध बोंडल्यानं पाजत होत्या. त्यांना अजून नीट काही सांगितलेलं नव्हतं. ते काम डॉक्टरांनी केलं. आत्तींना बोलावून घेतलं, खुर्चीवर बसवलं.

"आजी, बाळाच्या उशाखाली विळा कुणाला भिववायला ठेवला होता?"

"वाईटाला, डॉक्टर."

"वाईट काही भ्यालेलं दिसत नाही. तुमची सून भ्याली." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

आत्ती लुगड्याचा पदर खांद्यावर ओढून म्हणाल्या, "मग पोर मी न्हेते शिरोळला. म्हशी हायत, माझं हातपाय धड हायत. ही बरी झाली की बघू."

ज्याला भीत होते तेच झालं होतं. मी ह्यांच्याकडं बघितलं.

हे म्हणाले, "आई म्हणत्याय ते पण..."

"ते पण काय? पुरं बोला की!" मी ओरडले. पुरं बोलले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "मूल नेलंत तर हिच्या मनात पक्कं बसेल की भीती खरीच होती. विळा, कोयता, खिळे, ते तेवढं काढा. स्वयंपाकाची विळी लपवू नका, ती तिच्या जागी असू दे. आणि हिला बाळाजवळ राहू द्या. आधी कुणाच्या सोबतीनं, मग एकटीला."

"आन् लोखंड काढलं, पोरीला कायतरी झालं, तर?" आत्तींनी विचारलं. त्यांचा आवाज कापत होता. पहिल्यांदाच मला कळलं, ही बाईसुद्धा माझ्याइतकीच भेदरलेली आहे. पण त्या वेळी मला त्यांची कीव आली नाही. रागच आला.

शेवटी ठरलं ते असं. मी घरी येणार, आत्ती आमच्याबरोबर राहून बघणार, आणि त्यांच्या मनाची खात्री पटली नाही तर पोर शिरोळला जाणार. हे "बरं" म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

राखण

आमच्या दोन खोल्यांत परत आले. उशाखाली आता काही नव्हतं, पण आत्ती होत्या. मी पोरीला मांडीवर घेतलं की त्या हातातलं काम टाकून समोर येऊन बसायच्या. नजर माझ्या हातांवर. मी तरी काय बोलणार, माझीही नजर तिथंच असायची.

डॉक्टरांनी सांगितलेलं, तसला विचार आला तर येऊ द्या. त्याच्याशी भांडू नका, पाढे म्हणू नका, पळू नका, हातातलं काम सोडू नका. सांगायला काय जातंय! विचार दिवसातून कितीदा यायचा. मी पोरीचं लंगोट बदलत असायची, हात थरथरायचे, आणि आत्तींना ते थरथरणं दिसायचं. गोळ्यांनी होतंय म्हटलं तरी त्यांना पटायचं नाही. संध्याकाळी ह्यांच्या कानाशी त्यांचं हळू बोलणं चालायचं. "शिरोळ" एवढा शब्द मला ऐकू यायचा.

आणि मग एक दिवस दुपारी आत्तींनी खुंटीवरची पिशवी काढली.

"भाजी आणते."

"ह्यांना येऊ द्या. ते आणतील."

"कशाला? मला काय रस्ता म्हाईत न्हाई?"

"मग पोरीला न्या बरोबर."

"ह्या उन्हात? खुळी का काय तू!"

"आत्ती, जाऊ नका. पाया पडते."

त्या दारात थांबल्या. "किती दिस बसू राखणीला? डॉक्टर म्हणलाय न्हवं, एकटीला राहू द्या? मग रहा की. आज काय ते कळू दे." आणि जिना उतरून गेल्या.

खोलीत मी आणि पोर. स्वयंपाकघरात विळी. मी सरळ दाराकडं गेले, कडीला हात लावला. बाहेर पडून खालच्या बाईला हाक मारली असती तर ती आली असती. पण मग आत्तींना कळलं असतं, आणि मग पोर गेली असती.

तेवढ्यात ती उठली आणि तिनं भोकाड पसरलं.

मी कडी सोडली. चार पावलांची खोली, पण माझे पाय उचलेनात. विचार आला. नेहमीचाच, नेहमीच्याच आवाजात. मी मोठ्यानं म्हणाले, "रड भवाने, रड, आले मी." आणि गेले. लंगोट ओलं होतं. ते सोडलं. विचार परत आला. दुसरं लंगोट बांधलं, गाठ तीनदा सुटली. तिला उचललं. दूध घ्यायला स्वयंपाकघरात जावं लागणार होतं. विळी तिथंच आडवी करून ठेवलेली. मी पोरीला खांद्यावर घेऊन विळीजवळून गेले. दातखिळी बसायची वेळ आली होती, खोटं नाही सांगत. दूध कोमट केलं, बोंडल्यात घेताना अर्धं सांडलं, उरलेलं तिला पाजलं. ती प्याली आणि माझ्या खांद्यावर ओकली.

मला वाटलं होतं, एकदा असं धाडस केलं की भीती निघून जाईल. कुठली जाते! भिंतीला टेकून खाली बसले तेव्हा पोर मांडीवर होती आणि भीतीही तिथंच होती. दोघींना घेऊन बसले. पुढं कितीतरी दिवस तसंच बसावं लागलं. भीती एकदम गेली नाही, महिन्यामहिन्यानं पातळ होत गेली. पण ते पुढचं. त्या दुपारी मी फक्त बसले होते आणि पोर झोपली होती.

जिन्यावर पावलं वाजली. आत्ती दारात. धाप लागलेली.

"काय झालं?"

"काय न्हाई झालं."

"काय न्हाई?"

"दूध प्याली. ओकली. आता झोपलीय."

त्या तिथंच उंबऱ्याशी खाली बसल्या. पिशवी मांडीवर. रिकामी.

"भाजी?" मी विचारलं.

"न्हाई मिळाली."

कोल्हापूरच्या मंडईत भाजी मिळाली नाही! खालच्या बाईनं मला मग सांगितलं, तुमच्या सासूबाई सगळा वेळ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पदराचा बोळा तोंडात धरून बसल्या होत्या. पोर रडायला लागली तेव्हा उठल्या, दोन पायऱ्या चढल्या, आणि परत खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपलं गाठोडं बांधलं. "म्हशी परक्याच्या हाताला कंटाळल्या असतील," एवढंच म्हणाल्या. आम्ही त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो. हे गाठोडं घेऊन पुढं, मी पोरीला घेऊन मागं. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता ह्या हात पुढं करतील. त्या एसटीत चढल्या, खिडकीशी बसल्या आणि बाहेर वाकून म्हणाल्या, "नदीला पुराचं पाणी यायच्या आत पोरीला शिरोळला घेऊन या."

"आणतो की मी," हे म्हणाले.

"तुला कोण इचारतंय? हिला सांगते मी." आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू घेऊन ये. एकटी आलीस तरी चालंल."

गाडी सुटली. पोर माझ्याकडंच होती.